त्रेचाळिसाव्या वर्षी डबा ऐसपैस

पत्र :

ताई नमस्कार. मी ४३ वर्षांची, पुण्यात सिंहगड रोडला आमची जुनी सोसायटी आहे, तीन बिल्डिंग आणि मागे थोडी मोकळी जागा. बँकेत नोकरी, घरी नवरा, १४ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मे महिन्यात एका रात्री लाइट गेले म्हणून सगळे खाली उतरलो होतो, पोरं डबा ऐसपैस खेळत होती, त्यांना एक भिडू कमी पडत होता. एकाने विचारलं काकू येता का, आणि का कुणास ठाऊक मी हो म्हटलं. जनरेटरच्या खोलीमागे जो बोळ आहे तिथे जाऊन उकिडवी बसले. ताई, छाती इतकी धडधडत होती की वाटलं बाहेर ऐकू जाईल. राज्य असलेला पोरगा माझ्यापासून दोन हातांवर येऊन उभा राहिला आणि मला हसू आवरेना, तोंडात ओढणी कोंबली. असं मला तीस वर्षांत काही झालेलं नाही. मग महिनाभर जवळजवळ रोज रात्री जेवणं झाली की मी खाली. आता शेजारच्या बायका 'आज कुठे लपणार' म्हणून हसतात, नवरा म्हणतो वयाचं भान ठेव, मुलगी तर आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हती. पावसामुळे ते बंद पडलं पण मन तिथेच अडकलंय. हे विचित्र आहे का? आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, तिथे बसलं की कधी कधी वाटतं कुणी शोधूच नये, इथेच बसून राहावं.
जनरेटरमागची, पुणे

प्रिय जनरेटरमागची,

तुला सरळ तू म्हणतेय, मी तुझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी आहे आणि जिने तोंडात ओढणी कोंबून हसू दाबलंय तिला अहो-जाहो करणं मला जमायचं नाही. पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना माझ्याच छातीत धडधडलं, दुसऱ्यांदा वाचताना तुझ्या मुलीची बाजू दिसली, आणि तिसऱ्यांदा ते शेवटचं वाक्य. त्याच्यावर येते, पण आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. विचित्र अजिबात नाही. त्या बोळात तुला जे झालं ते अगदी खरं आणि चांगलं होतं, आणि ते परत हवंसं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही.

मी साताऱ्यात वाढले, वाड्यात, नऊ बिऱ्हाडं आणि मधे फरसबंद अंगण. १९७५-७६ ची गोष्ट सांगतेय. डबा म्हणजे डालड्याचा पिवळा पत्र्याचा, वर ताडाचं झाड छापलेलं. चकायचं, ज्याच्यावर राज्य येईल तो डबा आणायला धावायचा, कारण कुणीतरी तो पार दिंडी दरवाजाबाहेर भिरकावलेला असायचा, आणि तो डबा घेऊन परत वर्तुळात ठेवेपर्यंत बाकी सगळे गायब. माझी जागा ठरलेली, कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागे. तिथला वास अजून नाकात आहे, तागाचा आणि धान्याच्या भुकटीचा, नाकात शिंक यायची आणि ती दाबायची म्हणून नाक चिमटीत धरायचं. दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती, त्या फटीतून माणूस दिसायचा नाही, फक्त पाय दिसायचे. राज्य असलेल्याचे पाय. ते पाय थांबायचे, वळायचे, एक पाऊल पुढे यायचे, आणि तेव्हा पोटात जे व्हायचं ना, आणि हमखास त्याच वेळी एक नंबरला लागायची, ते तुला मे महिन्यात झालं आणि म्हणून तू मला पत्र लिहिलंस. आम्ही स्वेटरसुद्धा बदलायचो, मामेभाऊ माझा स्वेटर घालून कोपर नुसतं खांबाबाहेर काढायचा आणि राज्य असलेला माझं नाव घेऊन ऐसपैस ओरडला की सगळा वाडा गरजायचा, अंडं फुटलं, अंडं फुटलं! परत राज्य त्याच्यावरच. 'आय स्पाय' या इंग्रजी शब्दांचं आपल्या पोरांनी ऐसपैस करून टाकलं आणि मला वाटतं फार योग्य केलं, इतक्या अडचणीच्या जागी बसून जे वाटतं त्याला ऐसपैसच म्हणायला पाहिजे.

आता हे वाटतं कशामुळे. जर्मनीत बर्लिनच्या हम्बोल्ट विद्यापीठात काही शास्त्रज्ञांनी उंदरांना लपाछपी शिकवली होती, २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ते छापून आलं. मला तो प्रयोग फार आवडतो. तीस चौरस मीटरची खोली, त्यात खोकी आणि आडोसे, एक माणूस आणि एक उंदीर. कधी माणूस लपणार कधी उंदीर. बक्षीस म्हणून खाऊ नाही, नुसत्या गुदगुल्या आणि थोडी मस्ती. सहा उंदरांपैकी पाच जण शोधायलाही शिकले आणि लपायलाही. शोधताना आणि शोधून काढल्यावर ते माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही इतक्या बारीक आवाजात चिवचिवायचे, पण स्वतः लपलेले असले की गप्प. लपायला पारदर्शक खोक्यापेक्षा आतलं न दिसणारं खोकं निवडायचे. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, की सापडल्यावर लगेच गुदगुल्या घेण्याऐवजी ते बरेचदा पळून जाऊन दुसरीकडे लपायचे. म्हणजे बक्षीस लांबणीवर टाकून खेळ लांबवायचे. उंदराला कुणी सांगितलेलं नसतं की हे बालपण आहे किंवा याने ताण कमी होतो. त्याला तो खेळच हवा असतो. तुलाही तोच हवा होता, त्याला दुसरं कारण शोधत बसू नकोस.

लपलेल्या माणसाचं शरीर एकाच वेळी दोन उलट कामं करत असतं. आतून सगळं पळायला तयार, छाती धडधडतेय, कान टवकारलेले, आणि बाहेरून एक बोटही हलवायचं नाही. त्यातून तो हसू फुटण्याचा प्रकार येतो. आणि डोकं सगळं त्या दोन हातांवरच्या पोरात गुंतलेलं, तो काय बघतोय, त्याला काय ऐकू गेलं, तो कुठे वळेल. अशा वेळी उद्याच्या मंथ एंडची आठवण येणं शक्यच नाही, बसायला जागाच नाही तिला. आणि भीती तर आहे पण धोका काही नाही, सापडलीस तरी काय होणार, राज्य येणार. आपल्या वयाच्या बाईला हे मिळतं कुठे सांग. आपली भीती असते ती रिपोर्टची, पोरगी घरी यायला उशीर झाला त्याची, फोन रात्री दोनला वाजला त्याची. हसू येईल अशी भीती तुला तीस वर्षांनी भेटली.

आणि दुसरं, तू दिवसभर सापडलेलीच असतेस गं. बँकेत काउंटरला किंवा केबिनला माणूस समोर, घरी सासूबाईंचं औषध, मुलीचा क्लास, कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजल्या. फोनवर ब्लू टिक दिसली की उत्तर द्यावं लागतं, लास्ट सीन दिसतं, लाइव्ह लोकेशन दिसतं, बाथरूममध्ये गेलं तरी दाराबाहेरून आवाज, अगं ती कात्री कुठे आहे. बाई घरात लपू शकत नाही. तिने दहा मिनिटं दार लावून बसायचं म्हटलं तर घर विचारतं काय झालं, बरं वाटत नाही का. त्या बोळात पहिल्यांदा असं झालं की तू कुठे आहेस हे जगात कुणाला माहीत नव्हतं, आणि ते न माहीत असणं हा खेळाचा नियम होता, तुझा गुन्हा नव्हता.

आता ते शेवटचं वाक्य. कुणी शोधूच नये.

माझी एक गोष्ट सांगते. मी आठ-नऊ वर्षांची असेन, अशीच पोत्यांमागे बसले होते आणि बाहेर एकदम शांत झालं. मला वाटलं काय भारी जागा आहे, कुणाला सापडतच नाहीये. पहिली दहा मिनिटं मी स्वतःवर खूश. मग पाय बधिर झाले, मग फटीतून बघितलं तर पाय नाहीत, नुसतं ऊन. कुणाची तरी वरात रस्त्याने चालली होती आणि सगळे डबा तिथेच टाकून बँड बघायला पळाले होते, मी लपलेय हेच विसरले होते. मी पाऊण तास बसले असेन. शेवटी रडत बाहेर आले तर डबा वर्तुळात तसाच पडलेला. आजही तो डबा डोळ्यांसमोर येतो तेव्हा घशात आवंढा येतो. जागा तीच, पोती तीच, अंधार तोच. पण ते पाय नव्हते, मग तो खेळ राहिला नाही.

म्हणून तुला विचारते, नीट आठवून स्वतःला सांग. 'शोधूच नये' हे तुला तेव्हा वाटतं जेव्हा बाहेर पोरं तुला शोधतायत, काकू कुठायत काकू कुठायत चाललंय, आणि तुला ते अजून थोडं ऐकत राहायचंय? तसं असेल तर त्यात काळजीचं काही नाही, ती खेळाची मजाच आहे. तू दमलेली आहेस आणि तुला रोज एक पाव तास कुणाच्याही हाती न लागणारा हवा आहे, तर तो घरात मागून घे, फोन घरी ठेवून चालायला जा, सासूबाईंचं रात्रीचं औषध आठवड्यातून तीन दिवस नवऱ्याने द्यायचं असं ठरवा. पण हेच जर तुला बसमध्ये वाटत असेल, सकाळी डोळे उघडल्यावर वाटत असेल, झोप नीट नाही, खाण्यात मन नाही, आपण नसलो तर बरं असे विचार येत असतील, तर ही गोष्ट खेळाची नाही आणि ती एकटीने बोळात बसून सोसायची नाही. डॉक्टरकडे जा, आणि तोवर सरकारचा 'टेलि-मानस' चा नंबर आहे १४४१६, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. मला तुझ्या पत्रातून पहिलीच शक्यता जास्त दिसते, ज्या आनंदाने तू ओढणीचं लिहिलंयस त्यावरून. पण पत्रावरून सगळं कळत नाही आणि तू हे कुणालाच बोलली नाहीस असं लिहिलंयस म्हणून हे सांगणं भाग आहे.

आता मुलगी. इथे मी तुझ्या बाजूने नाही.

चौदाव्या वर्षी आईने मित्रमैत्रिणींसमोर नुसतं मोठ्याने हाक मारली तरी जमिनीत गडप व्हावंसं वाटतं, तू तर रोज रात्री तिच्याच अंगणात, तिच्याच सोबतच्या किंवा तिच्याहून लहान पोरांत पळत होतीस. ती चिडली ते तू खेळलीस म्हणून नसावं, तू तिच्या जागेत शिरलीस म्हणून असेल. पोरांच्या खेळाला स्वतःचं एक राज्य असतं, भांडण, चिडी, तू बघितलंस नाही मी आधी डबा उडवला, आईशप्पथ, देवाशप्पथ, हे सगळं ती आपापसात मिटवतात आणि त्यातून शिकतात. मोठं माणूस मधे उभं असलं की प्रत्येक वादाला सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात, काकू तुम्ही सांगा. मग तो त्यांचा खेळ राहत नाही. एखाद्या रात्री भिडू कमी आहे, त्यांनी बोलावलं, तू गेलीस, फार गोड. पण रोज नाही. बोलावलं तर जा, कच्चा लिंबू म्हणून जा, आणि दोन डाव खेळून वर ये. मुलीला एवढंच सांग की मला तिथे फार मजा आली, पण तुला कसं वाटेल हे मी विचारलं नाही, ते चुकलं. जास्त समजावू नकोस. ती लगेच गळ्यात पडणार नाही पण तिला ते लक्षात राहील.

मग तू खेळायचं कुणाबरोबर? आपल्या वयाच्या लोकांबरोबर. खरं सांगायचं तर मला तुला एवढंच सांगायचंय, पोरांच्यात लपू नकोस, मोठ्यांचा डाव मांड.

तू म्हणशील कोण येणार. त्या हसणाऱ्या बायका येणार. 'आज कुठे लपणार' हे त्या रोज विचारतात ना? ज्याला त्या गोष्टीत रस नाही तो रोज विचारत नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं की सांग, चल दाखवते. मोठ्या माणसाला खेळायचं असतंच, फक्त आपल्याकडे त्याला निमित्त लागतं. मंगळागौरीला साठीच्या बायका रात्र जागवून झिम्मा आणि बसफुगडी घालतात तेव्हा कुणी वयाचं भान काढत नाही. वारीत रिंगण झालं की उडीचे खेळ होतात, सत्तरीचे माळकरी हुतूतू खेळतात, ओळखपाळख नसलेल्या आज्या एकमेकींचे हात धरून फुगडी घालतात आणि गरगरून खाली बसल्या की अख्खं वर्तुळ हसतं. तिथे पांडुरंग निमित्त असतो, इथे तुला कोजागिरी आहे. तीन आठवड्यांवर आलीय. गच्चीवर दूध आटवणारच आहात, त्याआधी तासभर मागच्या जागेत डबा. सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकू नकोस, त्यावर चर्चा होते आणि चर्चेत खेळ मरतो. चार बायकांना तोंडी सांग, त्यांनी आपापल्या नवऱ्यांना ओढून आणायचं.

नवऱ्याला अजून पटत नसेल तर त्याला सांग की इटलीत २०१० पासून मोठ्या माणसांची लपाछपीची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली, पाच-पाच जणांच्या टीम, गवताच्या गंज्यांमागे लपायचं आणि पळत येऊन गादीवर झेप घ्यायची, काही वर्षं ती कोन्सोन्नो नावाच्या एका ओसाड गावात भरली. आणि २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या आयंडहोव्हनच्या आयकिया दुकानात लपाछपी खेळायला फेसबुकवर ३२ हजारांच्या आसपास लोकांनी नाव नोंदवलं, शेवटी दुकानाला सुरक्षेच्या कारणाने नाही म्हणावं लागलं. ३२ हजार गं, कपाटात आणि पलंगाखाली लपायला! पण मला विचारशील तर यातलं काही सांगू नकोस, त्याला पहिलं राज्य दे. माझा अनुभव आहे, जो माणूस लपायला लाजतो तो शोधायला लाजत नाही, शोधणं त्याला काम वाटतं, आणि एकदा का कुणी मागून येऊन डबा उडवला आणि राज्य परत त्याच्यावरच आलं की तो तिथून पुढे ऐकत नाही. आम्ही पाच वर्षांपूर्वी भोरजवळ एका मैत्रिणीच्या शेतावर दहा-बारा जण खेळलो, सगळे पन्नाशी ओलांडलेले. माझा नवरा, ज्याने आयुष्यात कधी रांग मोडली नाही, तो पेंढीच्या गंजीमागे पालथा पडून राहिला होता आणि सापडला तेव्हा त्याच्या भुवयांत गवत होतं. तीस वर्षांच्या संसारात मी त्याचा तो चेहरा पाहिला नव्हता. मला ओरडायचं होतं, नाव घ्यायचं होतं, पण मी दोन क्षण नुसती बघत उभी राहिले आणि तेवढ्यात मागून कुणीतरी डबा उडवला.

पण वयाचं भान ठेव हे तो म्हणाला ते अगदीच चूक नाही, फक्त ते गुडघ्यांपुरतं घ्यायचं. आपण उकिडवे बसून अचानक उठून पळतो तेव्हा पोटरी भरते, घोटा मुरगळतो, चक्कर येते. आधी दहा मिनिटं चाला, पायात बूट पाहिजेत, चपला आणि सपाता चालणार नाहीत, साडी नको आणि जमिनीवर लोळणारी ओढणीही नको. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, बीपी वर-खाली होतं, नुकतं ऑपरेशन झालंय त्यांनी डब्यापाशी पंच म्हणून बसायचं, अंडं फुटलं की नाही हे ठरवणारं कुणीतरी लागतंच आणि त्यातही भरपूर आरडाओरडा करता येतो.

जागा तू आणि अजून कुणीतरी उजेडात एकदा फिरून बघून घ्या. पावसाळा संपतोय, गवत वाढलेलं असणार, आणि पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत घोणस, नाग, मण्यार निघतात. घोणस गवतात नुसती पडून राहते, पाय पडला किंवा अगदी जवळ गेलं तर चावते. म्हणून गवतात, विटांच्या ढिगात, पालापाचोळ्यात, कुंड्यांच्या मागच्या सांदीत लपायचं नाही, असं आधीच बाद करून टाका. आणि चुकून कुणाला चावलंच तर बांधाबांध, कापाकापी, चोखणं यातलं काही करायचं नाही, माणसाला शांत ठेवायचं, तो अवयव हलू द्यायचा नाही आणि सरळ प्रतिविष मिळेल अशा मोठ्या हॉस्पिटलला गाडीत घालून न्यायचं. कुंपणावर शेंगा लटकत असतील तर खाजकुयली आहे का बघा, त्या शेंगांची लव अंगाला लागली तर कोजागिरी खाजवण्यात जाईल. जनरेटरची खोली, डीपी, पाण्याच्या टाकीची झाकणं, लिफ्टची मशिन रूम यांच्या आसपास कुणी फिरकायचं नाही. तुझा तो बोळसुद्धा, मला वाईट वाटतंय सांगताना, पण लाइट गेले की जनरेटर आपोआप सुरू होतो का ते बघ, होत असेल तर ती जागा सोड. गाड्यांच्या मागे लपायचं असेल तर वॉचमनला सांगून त्या तासाभरात गाडी आत-बाहेर करणं बंद ठेवा.

आणि जिचं दार बंद होतं अशा जागेत कुणी लपायचं नाही, मोठ्यांनीही नाही. हे फार जुनं आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात गोपाळांच्या खेळात लपाछपी आहे, निलायन म्हणतात तिला. काही पोरं मेंढ्या, काही मेंढपाळ, काही चोर. व्योमासुर गोपाळाचं रूप घेऊन चोर बनून त्यात शिरतो आणि मेंढ्या झालेल्या पोरांना एकेक करून नेऊन गुहेत कोंडतो, तोंडाशी धोंडा लावतो. चार-पाचच उरतात तेव्हा कृष्णाच्या लक्षात येतं. माझी आजी ही गोष्ट सांगून झाली की विचारायची, मग कुठे लपायचं नाही? आणि आम्ही सगळे ओरडायचो, जिथून आपलं आपल्याला बाहेर येता येत नाही तिथे! तुझ्या सोसायटीतल्या पोरांनाही हे एकदा सांग, जुना बंद पडलेला फ्रिज, गाडीची डिकी, लोखंडी कपाट, यात जीव गेलेत.

फोन मात्र सगळ्यांचे काढून घ्या. खरंच. एका परातीत ठेवा आणि परात पंचांच्या मांडीवर. लपलेल्या माणसाच्या खिशात फोन थरथरला की अर्धी मजा गेली आणि वर तो बाहेर काढला की उजेडाने पत्ता लागतो. घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्याजवळ एकच नंबर देऊन ठेवा, पंचांचा. तुझ्या सासूबाई चालत्याफिरत्या असतील तर त्यांनाच पंच करून बघ, मला उगाच वाटतंय की त्यांना चकण्यापासून साईसुट्ट्योपर्यंत सगळे नियम तुझ्यापेक्षा जास्त पाठ असतील.

आणि एक नियम आमच्या ग्रुपने केलाय तो तुम्हीही करा. डाव संपला की सगळे मोजायचे. जो सापडला नाही त्याला नाव घेऊन मोठ्याने हाका मारायच्या, सगळ्यांनी मिळून, आणि तो बाहेर येईपर्यंत कुणी दुधाकडे जायचं नाही. तुझं नाव घेऊन तीन बिल्डिंगच्या मधे उभे राहून वीस माणसं हाका मारतायत आणि तू अजून अर्धं मिनिट गप्प बसून ऐकतेयस, ते करून बघ. मग मला परत लिही की तेव्हा काय वाटलं.

डबा पत्र्याचाच घ्या. प्लॅस्टिकचा उडाला तरी आवाज येत नाही आणि ज्याच्यावर राज्य आहे त्याला पाठमोरं असताना कळतच नाही. दूध पावडरचा किंवा तेलाचा रिकामा डबा चालेल, तेलाचा असेल तर कापलेल्या कडा आत ठोकून घे, आत चार खडे टाक, झाकण घट्ट बसव. माझ्याकडे एक आहे, भोरला नेला होता तोच, एका बाजूने चेपलाय. हवा असेल तर सांग, पाठवते.

तुझी,
ताई